एका मोबाइलवर चार पेशंट: रिपोर्टची सरमिसळ अशी थांबली

चोपडा तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी बघतो. लक्षण असं: सुनेचा केसपेपर उघडला की सासूची शुगर दिसायची. टायपिंगची चूक समजून काउंटरवरच्या ताईंना टोकलं, मग कॉम्प्युटर बदलला. आठवडा वाया गेला, डोकं भणाणलं.

दोष मीच बनवलेल्या डेटाबेसच्या टेबलात होता. मोबाइल नंबर हीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण! आणि इथे घरात फोन एकच, म्हणून अख्ख्या घराची नोंदही एकच.

आधी पूर्ण बॅकअप. मग पेशंटला आपोआप वाढणारा वेगळा आयडी, प्रायमरी की त्यावर. व्हिजिट आणि रिपोर्टच्या टेबलांत तोच आयडी भरला. मिसळलेल्या नोंदी मात्र कागदी केसपेपर समोर ठेवून हातानेच सोडवल्या. मोबाइलवरची युनिक अट (एक नंबर एकदाच) काढून शोधायला साधा इंडेक्स ठेवला. 14 अंकी आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक) ऐच्छिक, पण युनिक. तो नसेल तर नल (NULL, म्हणजे 'माहिती नाही') ठेवा. कोरी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) गेली की तीही एक किंमत धरली जाते आणि आभा नसलेल्या दुसऱ्या पेशंटची नोंद अडते.

आता मोबाइल नंबर टाकला की यादी येते: नाव, जन्मवर्ष, गाव. ताई विचारतात, "अडावदच्या ना तुम्ही?"

एसएमएसमधून तपासणीचं नावही काढलं. फक्त 'रिपोर्ट तयार आहे'. तो फोन घरातले सगळेच बघतात.