प्रेसवर बोट गेलं, तर तपास कसा करावा आणि कुठे कळवावं

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा मशीनवर दाबून भाग बनवतात तिथे, काम केलेल्या कुणालाही विचारा, बोट गेलेला एक तरी माणूस त्याच्या ओळखीचा असतो. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपांत मी ही कामं जवळून पाहिली आहेत. म्हणून पॉवर प्रेसचंच उदाहरण घेतो.

1. आधी माणूस. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, ग्रीस काही लावू नका. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तोंड घट्ट बांधून ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं, तर ते पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते. सोबत जाणाऱ्याकडे ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) ई-पहचान ओळखपत्राची प्रत द्या.

2. मशीन आहे तसंच ठेवा. मेन स्विच बंद करून कुलूप लावा. रक्त धुऊन, डाय (साचा) बदलून अर्ध्या तासात प्रेस चालू केला, तर पुरावाही धुतला जातो. फोटो काढा: डाय, अडकलेला जॉब (बनत असलेला भाग), गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण), फूटपेडल, वरचा दिवा. टू-हँड बटणं, म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबल्यावरच प्रेस चालवणारी बटणं, असतील, तर त्यातलं एखादं तार बांधून किंवा पट्टी लावून दाबून ठेवलेलं आहे का, हे जरूर बघा.

3. माणसांशी बोला, एकेकट्याशी. मालक किंवा ठेकेदार शेजारी उभा असेल, तर कुणी खरं बोलणार नाही. "चूक कुणाची?" हा प्रश्न नको. "तू कुठे उभा होतास? आधी काय झालं?" असं विचारा. आदल्या शिफ्टच्या ऑपरेटरलाही बोलवा. मशीनचं दुखणं त्याला माहीत असतं.

4. 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून थांबू नका. माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं हेच आहे. एका ठिकाणी अहवालात "ऑपरेटरने डायमध्ये हात घातला" एवढंच लिहिलं होतं. हात का घातला? जॉब डायला चिकटत होता. चिमट्याने का नाही काढला? चिमटा वाकलेला, खिळ्याला टांगलेला होता. नवा मागून आठवडा झाला होता. बरं, हात आत असताना प्रेस खाली कसा आला? पेडलवरचं झाकण काढून टाकलेलं होतं, कारण त्यात सेफ्टी बूट मावत नव्हता. त्यामुळे पाय चुकून पडला तरी स्ट्रोक लागायचा, म्हणजे प्रेस खाली यायचा. शिवाय रात्रपाळीवाला म्हणाला, "मशीन कधीकधी डबल मारतं." म्हणजे एकदा पेडल दाबलं तरी प्रेस दोनदा खाली येतो. तेव्हा क्लचची की (प्रेसचा स्ट्रोक चालू-बंद करणाऱ्या क्लचमधला खिळीसारखा भाग) झिजलेली असू शकते, आणि ती उघडून तपासायलाच हवी. तीन प्रश्नांत चार दुरुस्त्या निघाल्या. "समज दिली" ही दुरुस्ती नव्हे.

5. कळवा, आणि वेळेत. ईएसआय लागू असेल, तर अपघात नोंदवहीत नोंद करा आणि अपघात अहवाल 24 तासांत ऑनलाइन भरा. कामावरच्या इजेसाठी आधी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या 90 टक्के लाभ मिळतो. अहवालच गेला नाही, तर घरी बसलेला माणूस या पैशांसाठी हेलपाटे घालत राहतो.

इजेमुळे 48 तास किंवा जास्त काम बुडणार असेल, तर राज्य सरकारच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना द्यावी लागते. 1948 च्या कारखाना अधिनियमात ही अट होती, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. मृत्यू झाला, तर पोलिसांना आणि संचालनालयाला ताबडतोब कळवा.

"ठेकेदाराचा माणूस आहे" म्हणून कारखान्याची जबाबदारी टळत नाही. ईएसआय नसलेल्या कामगाराला भरपाईचा दावा करता येतो. त्याची मुदत साधारणपणे अपघातापासून 2 वर्षं. "घरी पडला" असं डॉक्टरांना सांगायला कुणी लावलं, तर ऐकू नका. केसपेपरवर "कामावर, प्रेस मशीनवर" हे शब्द आले पाहिजेत. त्या कागदाची प्रत घरच्यांनी जपून ठेवावी.

6. दुरुस्ती झाली का, ते जागेवर जाऊन बघा. प्रत्येक दुरुस्तीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. पेडलचं झाकण बूट घालून तपासा. जखमी कामगार परत आला की अहवाल त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, आणि तो जे सुधारायला सांगेल ते त्याच पानावर लिहून घ्या.