दरमहा हजार-दोन हजार गुंतवताना शुल्क कसे कमी ठेवावे

दरमहा पाचशे, हजार किंवा दोन हजार रुपये बाजूला काढणाऱ्या माणसाच्या हाती बाजाराची चढउतार नसते, पण आपल्या पैशातून शुल्कापोटी किती कापले जावे हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या पद्धतीत, ही कपात दोन प्रकारे होते. एक टक्केवारीने होते आणि रक्कम वाढत जाईल तशी वाढते. दुसरी ठरावीक रुपयांत होते आणि हप्ता लहान असल्यामुळे पहिल्याच वर्षी जाणवते. दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो.

टक्केवारीचे शुल्क म्हणजे एक्स्पेन्स रेशो, योजना चालवण्याचा वार्षिक खर्च. त्याचे बिल कधी येत नाही, खात्यातून वेगळी रक्कम वजा झालेली दिसत नाही; ते रोज थोडे थोडे करून योजनेच्या मालमत्तेतून कापले जाते आणि उरलेल्या मूल्यावर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ठरते. म्हणूनच ते लक्षात येत नाही. दरमहा २,००० रुपये याप्रमाणे २० वर्षे हप्ते भरले, तर आपल्या खिशातून ४ लाख ८० हजार रुपये जातात. वार्षिक १० टक्के परतावा मिळाला असे केवळ हिशेबासाठी धरले, तर शेवटी सुमारे १५ लाख १९ हजार रुपये होतात. शुल्क एक टक्का जास्त असल्यामुळे हाती ९ टक्केच पडले, तर सुमारे १३ लाख ३६ हजार. फरक १ लाख ८३ हजारांचा, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ भरलेल्या हप्त्यांएवढा.

हा एक टक्का वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डायरेक्ट प्लॅन. बाजार नियामक सेबीच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड कंपनीला आपल्या योजनांचा डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. योजना तीच, शेअर तेच, फंड व्यवस्थापकही तोच. फक्त वितरकाचे, म्हणजे फंड विकणाऱ्या मध्यस्थाचे, कमिशन त्यात नसते. पॅन आणि आधारच्या आधारे केवायसी (ओळख पडताळणी) एकदा पूर्ण झाले की फंड कंपनीच्या संकेतस्थळावरूनच हप्ता सुरू करता येतो. कागदी अर्ज भरत असाल, तर वितरकाचा एआरएन (नोंदणी) क्रमांक लिहिण्याच्या चौकटीत स्पष्टपणे ‘डायरेक्ट’ असे लिहावे. ती चौकट कोणाला भरण्यासाठी मोकळी ठेवू नये. पुढे खातेउतारा आला की योजनेचे पूर्ण नाव वाचावे: त्यात ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ (नफा वाटून न देता योजनेतच ठेवणारा पर्याय) हे दोन्ही शब्द असले पाहिजेत. ‘रेग्युलर’ (वितरकामार्फतचा प्लॅन) असेल, तर कमिशन चालू आहे असे समजावे. बाजार पडल्यावर धीर देणारा, कागदपत्रांची कामे मनापासून करणारा वितरक असेल, तर त्याच्या सेवेला मोल आहेच. पण ते मोल किती, हे आपल्याला माहीत असावे.

योजना निवडताना माझे मत ठाम आहे. सुरुवात निफ्टी ५० सारख्या निर्देशांकावर आधारलेल्या साध्या इंडेक्स फंडाने करावी. निर्देशांकात असलेल्या कंपन्या त्याच प्रमाणात घ्यायच्या असल्यामुळे संशोधनाचा मोठा खर्च नसतो, आणि डायरेक्ट प्लॅनमधील अशा बऱ्याच फंडांचे शुल्क पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. एकाच निर्देशांकाचे दोन फंड समोर असतील, तर शुल्काबरोबर ट्रॅकिंग डिफरन्सही पाहावा, म्हणजे फंड निर्देशांकाच्या किती मागे राहतो ते कळते. अर्थात हा शेअर बाजार आहे. येत्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा आणि अडीअडचणीची शिल्लक येथे ठेवू नये.

आता ठरावीक रुपयांच्या शुल्काकडे वळतो, कारण लहान हप्त्याचे खरे नुकसान येथेच होते. आमच्या नात्यातील एका ताईंनी ५०० रुपयांच्या हप्त्यासाठी महिन्याची ५ तारीख दिली होती आणि त्यांचा पगार ७ तारखेला जमा होत असे. खात्यात शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला आणि बँकेने दंड व जीएसटी मिळून २९५ रुपये कापले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. फंड कंपनीने काहीही आकारले नव्हते, पण दोन न भरलेल्या हप्त्यांनी एका हप्त्याहून अधिक पैसे खाल्ले होते. म्हणून पगाराच्या तारखेनंतर तीन-चार दिवस सोडूनच हप्त्याची तारीख निवडावी. मासिक हप्ता लागोपाठ तीन वेळा चुकला, तर एसआयपी आपोआप बंद होते, हेही लक्षात असू द्यावे.

साध्या म्युच्युअल फंडासाठी डीमॅट खाते (शेअर ठेवण्याचे खाते) लागत नाही. फोलिओ, म्हणजे फंड कंपनीकडील आपले खाते, पुरेसा असतो. ईटीएफसाठी, म्हणजे शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडासाठी, मात्र डीमॅट खाते लागते, आणि त्याबरोबर दलाली, विक्रीच्या वेळचे डीपी शुल्क (डीमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क) व खात्याचे वार्षिक शुल्क येऊ शकते. हप्ता हजाराचा असताना ईटीएफचे अल्प शुल्क या खर्चापुढे टिकत नाही. खातेउताऱ्यात १,००० ऐवजी ९९९.९५ रुपये दिसले, तर घाबरू नये. ते पाच पैसे मुद्रांक शुल्काचे आहेत.

रेग्युलर प्लॅनमध्ये हप्ते आधीच चालू असतील, तर सगळे एकदम डायरेक्टमध्ये वळवू नये, कारण तसे करणे ही विक्रीच धरली जाते आणि झालेल्या नफ्यावर करही लागतो, कधी एक्झिट लोडही (ठरावीक मुदतीआधी पैसे काढल्यास लागणारे शुल्क). आधी चालू हप्ता थांबवून नवा हप्ता डायरेक्टमध्ये सुरू करावा. जुनी युनिट्स एक्झिट लोडची मुदत आणि एक वर्ष उलटल्यावर टप्प्याटप्प्याने काढावीत: शेअर योजनांतील दीर्घ मुदतीचा नफा एका आर्थिक वर्षात १ लाख २५ हजार रुपयांपर्यंत करमुक्त आहे, त्यापुढे १२.५ टक्के कर लागतो.