परदेशी विद्यार्थी वर्षभरासाठी शाळेत येणार असेल तर: सोलापूरच्या शाळांनी आणि घरांनी करायची तयारी

उत्तर गोलार्धातून येणारं मूल बहुतेक वेळा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये पोचतं. आपली शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेली असते. म्हणजे पहिली घटक चाचणी तोंडावर, वर्गात गट जमलेले, आणि त्यात हे नवं मूल. म्हणून तयारी मे-जूनमध्येच उरकायला हवी. मूल आल्यावर कागद गोळा करायला बसलात तर पहिले तीन आठवडे झेरॉक्सच्या दुकानातच जातात.

मूल कुणामार्फत येतंय हे आधी नीट समजून घ्या. रोटरीच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमात साधारण १५ ते १९ वयाची मुलं येतात. वर्षभरासाठी येणारं मूल सहसा एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहतं, आणि यजमान कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. 'मोबदला किती?' असं विचारणाऱ्या घराला तिथेच नम्रपणे नाही म्हणा. ज्या घराला मूल हवंय, तेच घर निवडा. एएफएससारख्या विद्यार्थी-देवाणघेवाण करणाऱ्या इतर संस्थांचे नियम वेगळे असतात. पण पालकांचं संमतिपत्र, वैद्यकीय विमा आणि स्थानिक संपर्क-व्यक्ती या तीन गोष्टी कुठल्याही कार्यक्रमात लागतातच.

वर्ग कोणता द्यायचा

यावर शाळा सगळ्यात कमी विचार करतात, आणि वर्ष बिघडतं ते इथेच. दहावी आणि बारावी नकोच. बोर्डाच्या वर्षात कुणालाच पाहुण्या मुलासाठी वेळ नसतो, आणि त्याला बोर्डाची परीक्षाही द्यायची नसते. अकरावी वयानं योग्य वाटते, पण अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीची मुलं क्लासला असतात आणि वर्गात चार बाकं भरलेली असतात. परदेशातून आलेलं मूल रिकाम्या वर्गात बसून काय शिकणार? म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पंधरा-सोळाच्या मुलाला नववीत बसवा. सतरा वर्षांचं असेल तर ज्या अकरावीत रोज हजेरी असते तीच निवडा, मग शाळेचं नाव थोडं लहान असलं तरी चालेल.

वेळापत्रक वेगळं करा. गणित, इंग्रजी, चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि संगणक वर्गाबरोबर. इतिहासाच्या किंवा हिंदीच्या तासाला आठवड्यातून चार वेळा एका शिक्षकाजवळ बसून मराठी, तीही बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकापासून. पंधरा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक द्यायला शिक्षकांना अवघड वाटतं, मुलाला अजिबात वाटत नाही.

कागद

शाळेच्या पत्राच्या आधारे मुलाला विद्यार्थी व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर शैक्षणिक वर्ष काढायचा विचारही करू नका. पत्रात मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर हवं. आपल्या कार्यालयात हात आपोआप 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' असा चालतो आणि मधल्या रकान्यात वडिलांचं नाव जाऊन बसतं. हे एक जास्तीचं नाव पुढे प्रत्येक कागदावर नडतं, कारण ते पासपोर्टवर नसतं. तारखांचंही तसंच. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०७/०८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै हे कळत नाही. सगळीकडे महिना अक्षरात लिहा.

व्हिसा एका शाळेशी जोडलेला असतो. मध्येच शाळा बदलायची तर परवानगी लागते, म्हणून 'आधी इथे घालू, मग बघू' असं करू नका.

मूल घरात पाऊल टाकेल तिथपासून चोवीस तासांत ज्यांच्याकडे ते राहणार त्या कुटुंबानं ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर त्याची माहिती भरायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू आहे, तरी बोलण्यात अजून सगळे यजमानानं भरायच्या या माहितीला जुन्या नावानं 'फॉर्म सी'च म्हणतात. यजमानाचं खातं मूल येण्याआधी पंधरा दिवस उघडून ठेवा. रात्री अकराला मूल घरी आलं आणि मग ओटीपीची वाट बघत बसलात, की चोवीस तास कधी संपले ते कळत नाही. शाळेलाही विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे द्यावी लागते. घरानं भरलं म्हणजे शाळेचं झालं, असं नाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत मुलाची नोंदणीही करायची. अर्ज ऑनलाइनच असतो, पण अडलं तर शहरात पोलिस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात पोलिस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्यांना भेटा. मुख्याध्यापकांचं पत्र आणि पासपोर्ट-व्हिसाच्या दोन-दोन प्रती बरोबर न्या.

मूल दुसऱ्या कुटुंबात गेलं की पत्ता बदलतो. मग नव्या यजमानानं पोर्टलवर पुन्हा माहिती भरायची आणि पत्त्याचा बदलही कळवायचा. पहिल्या घराच्या उत्साहात हे लक्षात राहतं, दुसऱ्या-तिसऱ्या घरी हमखास विसरतं. संपर्क-व्यक्तीनं घर बदलण्याच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

शाळेतल्या नोंदीचा एक वेगळा पेच आहे. आपल्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदी आधारशी जोडलेल्या, आणि या मुलाकडे ना आधार, ना शाळा सोडल्याचा दाखला. माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना मे महिन्यातच पत्र देऊन 'नोंद कशी ठेवायची' हे लेखी विचारून घ्या. मूळ शाळेची गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद फाईलला लावा. आणखी एक कागद फार मोलाचा आहे: तातडीच्या उपचाराला यजमान संमती देऊ शकतात असं मुलाच्या आई-वडिलांनी नोटरीसमोर सही केलेलं पत्र. ऑपरेशन थिएटरच्या दारात परदेशात फोन लावत बसायची वेळ त्यानं टळते.

शेंगदाणा

याला वेगळी जागा देतोय, कारण आपल्याकडे शेंगदाणा कुठे नाही? ताटात शेंगा चटणी, सणाला शेंगा पोळी, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, पोह्यांत दाणे, उपासाच्या खिचडीत कूट, वर कढईत शेंगतेल. पाश्चात्त्य देशांतल्या काही मुलांना शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते. त्यात दहा-पंधरा मिनिटांत ओठ-घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. आपल्याकडे हे फारसं पाहण्यात नसल्यानं 'थोडं खाल्लं तर काय होतंय' असं प्रेमानं म्हटलं जातं, आणि तेच जिवावर बेतू शकतं.

अर्जात 'अ‍ॅलर्जी' या रकान्यापुढे शेंगदाणा दिसला तर तीव्रता किती हे मुलाच्या डॉक्टरांकडून लेखी मागवा. तीव्र असेल तर ते मूल सोलापुरात ठेवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. कुटुंब कितीही काळजी घेईल, पण शाळेत डबे वाटून खाल्ले जातात आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात सकाळी कूट झालं त्याच भांड्यात खोबऱ्याची चटणी वाटली जाते. सौम्य असेल आणि ठेवायचं ठरलं, तर त्याच्यासाठी भांडं, पळी आणि तेल वेगळं ठेवा. एपिनेफ्रिनचे (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात लगेच टोचायच्या तयार इंजेक्शनचे) दोन ऑटो-इंजेक्टर मुलानं घरूनच आणायचे, कारण ते इथल्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. एक दप्तरात, एक घरात. वर्गशिक्षक आणि घरातली दोन माणसं यांना ते मांडीत कसं टोचायचं हे यायलाच हवं. टोचल्यावर लगेच दवाखाना. बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही.

पाणी, बादली, वीज

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे मुलाला येण्याआधीच कळवा. धुणं कोणत्या दिवशी, पिंप कोणतं, पिण्याचं भांडं कोणतं हे पहिल्याच संध्याकाळी हाताला धरून दाखवा. साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो आणि तो दिवसा चावतो. म्हणून पिंपांना घट्ट झाकण हवं, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं करायचं आणि मुलानं शाळेत जातानाच डास-प्रतिबंधक मलम लावायचं.

बादलीनं आंघोळ ही शिकवायची गोष्ट आहे. बादली पंधरा-वीस लिटरची. आधी गार पाणी, मग त्यात गरम. उलट केलं तर हात पोळतो. घरात पाणी तापवायला बादलीत टाकायचा हिटर वापरत असाल तर मूल असेपर्यंत तो बाजूला ठेवा. त्या मुलानं असली वस्तू कधी पाहिलेली नसते, आणि बटण चालू असताना पाणी किती तापलं म्हणून बोट बुडवणं फार सोपं आहे. गीझर नसेल तर गॅसवर पाणी तापवून द्या.

आपली वीज २३० व्होल्ट, अमेरिकेची १२०. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. केस वाळवायचं यंत्र फक्त १२० व्होल्टचं आणलं तर पहिल्याच दिवशी जळतं.

पहिले दोन आठवडे उकळलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणी, शाळेतही घरची बाटली. बर्फाचा गोळा, उघड्यावरची कापलेली फळं नकोत. जेवण वरण-भात, तूप, दही, पोळी, केळं असं साधं ठेवा आणि काळं तिखट हळूहळू वाढवा. कडक भाकरी बहुतेकांना लगेच आवडते, बिस्किटासारखी कुरकुरीत लागते म्हणून. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात घातलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. ताप, शौचात रक्त किंवा दोन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

पाहुणा किती दिवस

पहिला आठवडा पाहुणचार ठीक. दुसऱ्या आठवड्यापासून मुलाला घरातलं एक काम द्या: ताटं घेणं, झाडांना पाणी, शनिवारी स्वतःचे कपडे. काम नसलेलं मूल खोलीत फोन घेऊन बसतं आणि मनानं आपल्या देशातच राहतं. त्यानं खोलीचं दार लावून घेतलं तर तो रुसवा नाही, त्याच्याकडे ती रोजची सवय असते. आजी दार वाजवून 'काय झालं बाळा?' विचारत राहिली तर दोघंही कष्टी होतात, म्हणून आजीला आधी समजावून सांगा. त्याला स्वतंत्र पलंग हवाच. खोली वाटून घ्यायची तर साधारण त्याच वयाच्या आणि मुलग्याला मुलग्याबरोबर, मुलीला मुलीबरोबरच.

जेवणाचा आग्रह ही आपली माया, पण त्याच्या घरी ताटात टाकणं हा अपमान समजतात. त्यामुळे ते मूल पोट दुखेपर्यंत संपवतं आणि आपण पुन्हा वाढतो. त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवा: ताटावर आडवा हात आणि 'बास, पोट भरलं.'

भाषेचं सांगायचं तर शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत मधल्या सुट्टीत तेलुगू कानावर पडते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि मराठीही पुस्तकातली नव्हे. मूल आठवड्यात 'काय करलालास बे' शिकून येतं. शिकू द्या, मित्र त्यानंच होतात. फक्त 'बे' बरोबरीच्यांसाठी आणि सरांना-बाईंना 'तुम्ही', हे पहिल्या आठवड्यात सांगून ठेवा, नाहीतर भर वर्गात ते मुख्याध्यापकांना 'बे' म्हणतं.

वर्गात त्याला दोन सोबती द्या, एकच नको. एक आजारी पडला की मूल मधल्या सुट्टीत एकटं बसतं. सोबती पहिल्या नंबरचे नकोत, बोलके हवेत. आणि दर कार्यक्रमात त्याला स्टेजवर बसवून हार घालणं थांबवा. वर्षभर प्रमुख पाहुणा झालेल्या मुलाला मित्र मिळत नाहीत. वर्तमानपत्रात फोटो द्यायचा तर आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या, आणि पत्ता कधीच छापू नका.

सुरक्षा आणि बाहेर जाणं

घरातल्या प्रत्येक प्रौढाची पडताळणी आधी झालेली हवी. मुलाकडे घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीचा नंबर हवा, शक्यतो स्त्रीचा. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर त्याच्या फोनमध्ये टाकून द्या. मूल अठराच्या आतलं असेल तर लैंगिक त्रासाची तक्रार किंवा शंकाही पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. 'घरातल्या घरात मिटवू' हा पर्यायच नाही. रोटरीच्या मुलांना गाडी चालवायला बंदी असते. मित्राची दुचाकी 'फक्त सात रस्ता चौकापर्यंत' घेणंही त्यात येतं.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा मुलाला जरूर दाखवा. यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक लग्न, संक्रांतीच्या आदल्या दिवशी असतो, गर्दी प्रचंड असते. खिशात मराठीत लिहिलेला पत्ता आणि फोन असलेलं कार्ड द्या, चुकल्यास भेटायची जागा आधी ठरवा, चप्पल साधी घाला. गड्ड्याच्या आधी, थंडीत एखाद्या शेतावर हुरडा. आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची माहिती त्याला वर्गातल्या मुलांकडूनच सांगवा. सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये चीनला गेला, तिथली भाषा शिकला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. परक्या देशात राहायला आलेल्या मुलाला ही गोष्ट लगेच कळते.

परत जाताना

मूळ शाळेला वर्षाचा हिशोब लागतो: विषय, आठवड्याचे तास, हजेरी, शेरा. हे इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्यायचं असतं. जानेवारीतच तयार करायला घ्या, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यालय बोर्डाच्या परीक्षेत बुडालेलं असतं आणि मेमध्ये शिक्का असलेलं कपाट कुलुपात. मूल गेल्यावर चोवीस तासांत पोर्टलवर निघाल्याची नोंदही यजमानानंच करायची.

बॅग निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी वजन करा. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोच देतात, आणि प्रत्येक नातेवाईक एकेक सोलापुरी चादर घेऊन येतो. दोनच ठेवा, बाकीच्या पार्सलनं पाठवा.