इंग्रजी-रशियन कायदेशीर अनुवाद शिकताय? ‘एस्चीट’ या शब्दापासून सुरुवात करा

रशियनचा डिप्लोमा झाला आणि कायदेशीर अनुवादाकडे वळायचं ठरलं की मुलं पहिल्यांदा विचारतात, डिक्शनरी कोणती घेऊ? चांगली मोठी घ्याच. पण ती उघडण्याआधी हातातला कागद कोणत्या देशाच्या कायद्याखालचा आणि कोणत्या सालचा, ते बघा. हे अंगवळणी पडावं म्हणून मी नव्या लोकांना ‘एस्चीट’ हा एकच जुना शब्द सोडवायला देते.

माणूस वारस न ठेवता गेला की त्याची मालमत्ता सरकारजमा होते, हा आज सर्वांना माहीत असलेला अर्थ. आपल्या संविधानाच्या 296व्या अनुच्छेदात हा शब्द आहे. रशियनमध्ये त्याला सरळ ‘वीमरच्नये इमूषिस्त्वा’ म्हणतात. त्यातला ‘मर’ (रशियन लिपीत ‘मोर’) आणि आपलं ‘मरणं’ एकाच मुळातून आलेत, त्यामुळे मराठी माणसाच्या तो चटकन लक्षात राहतो.

खरी अडचण जुन्या इंग्लंडच्या कागदांत येते. तिथे जमीन कसणारा किंवा बाळगणारा ती वरच्या सरदाराकडून धरत असे आणि सगळ्यांच्या वर राजा. धारकाचा वंश संपला की जमीन त्या सरदाराकडे परत जाई. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची जमीनही तशीच जाई, मग घरी मुलंबाळं हयात असली तरी! गुन्ह्यापायी जमीन जाण्याचा प्रकार 1870च्या कायद्याने बंद झाला, वारसाअभावी होणारा 1925च्या. आता अठराव्या शतकातल्या दस्तात डोळे झाकून ‘वीमरच्नये’ लिहिलंत, तर रशियन वाचकाला वाटणार की वारस नव्हता आणि सरकार वारस झालं. दोन्ही चूक ठरू शकतं. तिथे ‘वज्व्रात ज़िम्ली लोर्दू’, म्हणजे जमीन सरदाराकडे परत जाणं, असं उलगडून लिहावं आणि कारणही सांगावं.

रशियाच्या नागरी संहितेचं कलम 1151 मुळातून वाचा, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तिथे सरकार खरोखर वारस म्हणून येतं. घर किंवा जमीन साधारणपणे स्थानिक पालिकेला मिळते, मॉस्कोत शहरालाच, आणि बाकीचं रशियन संघराज्याला. हा वारसा नाकारता येत नाही. मृताचं कर्जही मालमत्तेच्या किमतीपुरतं अंगावर येतं. आपल्या 1956च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 29 जवळपास याच वळणाचं आहे, मालमत्ता सरकारकडे जाते ती देण्यांसकट. म्हणून भारतीय कागदासाठी ‘वीमरच्नये’ बिनधास्त वापरावं.

शंका उरलीच तर तळटीप द्या. रशियन अनुवादक तिच्या शेवटी ‘प्रिम. पेर.’ असं लिहितात, म्हणजे अनुवादकाची टीप. ती दोन ओळींत बसवा आणि त्यात साल नक्की घाला.