भाड्याची गाडी घेताय? आधी पाटी बघा
जळगावहून अजिंठ्याला नाहीतर शहाद्याहून तोरणमाळला जायला स्कूटर-बाईक भाड्याने घेत असाल तर आधी नंबर प्लेट बघा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे पाहिजेत (इलेक्ट्रिकला हिरवीवर पिवळे), पांढरी पाटी म्हणजे कोणाची तरी घरची गाडी आणि उद्या ठोकली तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. मग मालकासमोरच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, सायलेन्सरवरचे ओरखडे, आरसे, पेट्रोलचा काटा, किलोमीटर सगळं, आणि तिथेच त्याला व्हॉट्सॲप करून टाका, नंतरची कटकटच नको. तोरणमाळचा घाट असेल तर दोन्ही ब्रेक दाबून बघाच. ओरिजिनल आधार ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या, डिपॉझिट थोडं जास्त मागितलं तरी चालेल.