हॅम रेडिओ क्लबचा इतिहास लिहायला घेताना

आपल्या शहरातील हौशी रेडिओ क्लबचा इतिहास लिहायचे ठरले की बहुतेक मंडळी प्रथम सभांची इतिवृत्ते आणि अध्यक्ष-चिटणिसांच्या याद्या गोळा करू लागतात. त्या लागतातच, परंतु माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओचालकाचे, खरे दप्तर म्हणजे त्याचे लॉगबुक (रेडिओवरील संपर्कांची नोंदवही) आणि संपर्काची पोचपावती म्हणून टपालाने आलेली क्यूएसएल कार्डे. एखादे ज्येष्ठ सभासद ‘सायलेंट की’ झाले, म्हणजेच त्यांचे निधन झाले, की ही कार्डे खोक्यासकट रद्दीत जाण्याचा धोका असतो, आणि गेलेला तो ठेवा पुन्हा मिळत नाही. म्हणून पहिले काम वयाने सर्वांत मोठ्या सभासदांच्या घरी जाण्याचे आहे. घरच्यांची परवानगी घेऊन प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि लॉगबुकाची पाने क्रम न मोडता टिपून घ्यावीत.

कार्डावरील तारीख पुसट झालेली असली तरी काळ ठरवण्याच्या खुणा सापडतात. भारतात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात तो असेल तर ते कार्ड त्याआधीचे नाही, एवढे निश्चित धरता येते. वेळेच्या नोंदी वाचताना मात्र फार जपावे लागते. काही हॅम भारतीय वेळ लिहीत, तर काही यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ लिहीत, आणि या दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. भुजचा भूकंप 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी झाला. यूटीसीत लिहिणाऱ्याच्या वहीत तोच क्षण 0316 असा दिसेल. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी झालेल्या संपर्काची यूटीसीतील तारीखच एक दिवस मागची असते. त्यामुळे प्रत्येक वहीची वेळ कोणती, हे एखाद्या माहीत असलेल्या घटनेशी ताडून ठरवावे आणि मगच तारखा उतरवून घ्याव्यात.

कागद हाताशी आले की मुलाखती घ्याव्यात, त्याआधी नव्हे. ‘क्लबविषयी काही सांगा’ असे विचारले तर भाषण मिळते; समोर कार्ड ठेवून ‘या संपर्काच्या वेळी अँटेना कुठे बांधली होती?’ असे विचारले तर आठवणी येतात. यंत्र स्वतः जुळवले असेल तर 807 व्हॉल्व्ह (ट्रान्समीटरमधील निर्वात नळी) कोणत्या बाजारातून आणला, ट्रान्सफॉर्मर कोणी गुंडाळून दिला, चाळीस मीटरच्या बँडसाठी (सुमारे चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यासाठी) वीस मीटर लांबीची तार गच्चीवर ताणताना शेजाऱ्यांची समजूत कशी घातली, हे तपशिलाने विचारावे. गावोगावचे क्लब याच उसनवारीतून आणि एकमेकांच्या मदतीतून उभे राहिले, असे मला मनापासून वाटते. तो भाग इतिवृत्तांत सहसा नसतो.

स्थानिक इतिहासाला देशाची चौकट द्यावी, परंतु एका परिच्छेदापुरतीच. भारतात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना 1921 साली हौशी रेडिओचा परवाना मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हौशी केंद्रे बंद करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर 15 मे 1948 रोजी मध्य प्रदेशातील महू येथील लष्कराच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि पुढे तीच संस्था अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली.

आपत्तीतील मदतीचे प्रकरण लिहिताना संयम ठेवावा. कोणाचा निरोप किती वाजता, कोणत्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) आणि कोणाला पोहोचवला, हे लॉगमध्ये असेल तेवढेच ठामपणे लिहावे. बाकीचे ‘अमुक सभासदांची आठवण’ म्हणून नोंदवावे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्यासह काही हॅम अंदमानात जगभरच्या हौशी केंद्रांशी संपर्क साधण्यासाठी गेले होते. 26 तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून तीच यंत्रे निरोप पोहोचवण्याच्या कामी आली. शांत दिवसांतील सरावच अडचणीच्या वेळी उपयोगी पडत असल्यामुळे क्लबच्या नेहमीच्या उपक्रमांनाही इतिहासात भरपूर जागा द्यावी.

या उपक्रमांची नोंद त्याच दिवशी करण्याची सवय लावावी. समजा शाळेत ‘फॉक्स हंट’ घेतला: परवानाधारक सभासदाने लपवलेल्या छोट्या ट्रान्समीटरचा शोध मुले पोलादी मेजरिंग टेपच्या पट्ट्यांपासून केलेल्या यागी अँटेनाने (संदेश कोणत्या दिशेने येतो ते दाखवणाऱ्या अँटेनाने) घेतात, आणि मुलांना फक्त ऐकायचेच असल्यामुळे त्यांना परवाना लागत नाही. त्या संध्याकाळीच मैदानाचा कच्चा नकाशा, ट्रान्समीटर कुठे दडवला होता, तो सापडायला किती वेळ लागला आणि कोणत्या भिंतीवरून लहर परतल्याने मुले चुकली, एवढे लिहून ठेवावे. वारीच्या मुक्कामी किंवा ऑक्टोबरातील स्काउट-गाइडांच्या जांबोरी ऑन द एअर या रेडिओवरील मेळाव्याच्या वेळी केंद्र लावले, तर तेथील लॉगची प्रतही याच फाइलमध्ये जावी.

छापण्यापूर्वी कार्डांवरील घरचे पत्ते झाकावेत; कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, मात्र ठेवावी. तयार झालेल्या पुस्तिकेची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक क्लबच्या केंद्रावर ठेवावी. मूळ कार्डे ज्या घरातून आणली तिथे, ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने, नवीन खोक्यात घालून परत करावीत.