पाण्यातल्या काडीकिड्याची नोंद करताय? या चुका टाळा

गेल्या श्रावणात एका मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तळ्यात काडीकिडा सापडला. मागे नांगी आहे, पण मेलाय बिचारा.’ एवढ्याशा मजकुरात तीन चुका, आणि तिन्ही आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेल्या.

पहिली म्हणजे, हा काडीकिडा नव्हेच. झाडावरचा काडीकिडा पाला खातो. हा रॅनाट्रा, ढेकणाच्या गणातला आणि पाणविंचवाच्या कुळातला. प्रार्थना कीटकासारखे पुढचे पाय दुमडून पाणगवतात दबा धरतो, डासाची अळी किंवा बेडूकमासा टप्प्यात आला की धरतो आणि चोच खुपसून रस शोषतो. हातात घट्ट दाबलात तर तीच चोच तुम्हालाही टोचेल. मागची ‘नांगी’ मात्र निरुपद्रवी. ती श्वासाची नळी आहे, टोक पाण्यावर काढून हवा घ्यायची. दोन अर्ध्या पन्हळी जुळून ती बनते. सुकलेल्या किड्यात त्या उसवतात, मग ‘दोन शेपट्यांची वेगळी जात’ म्हणून नोंद होते!

मेल्याचं म्हणाल तर ते सोंग. पाण्याबाहेर काढला की पाय ताणून काडीसारखा ताठ पडून राहतो. या सोंगावर १९०६ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध निघाला होता. मित्राने त्याला काठावरच्या दगडावर ठेवलं, चहा घेऊन आला, तर दगड रिकामा. फोटो एकच, तोही वरून काढलेला.

खरी अडचण इथेच आहे. वरून सगळे रॅनाट्रा सारखेच दिसतात. प्रजाती ठरते ती पुढच्या मांडीवरच्या दातावरून, मागच्या पायांच्या बुंध्यांमधल्या छातीच्या आकारावरून, आणि खात्री हवी असेल तर नराच्या जननांगाच्या हुकासारख्या भागावरून. त्यामुळे पांढऱ्या ताटात थोडं पाणी घेऊन किडा ठेवा, शेजारी पट्टी ठेवा आणि उलटा करून पोटाकडूनही फोटो घ्या. पुढची मांडी बाजूने, जवळून घ्या.

माप घेताना शरीर वेगळं, नळी वेगळी. दोन्हींची बेरीज लिहिली की ती नोंद वाया गेली. आपल्याकडच्या रॅनाट्रा इलाँगाटाची नळी शरीराएवढी किंवा त्याहून लांब असते. रॅनाट्रा फिलिफॉर्मिस चणीने लहान. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने दोघांनाही १७९० मध्येच नावं दिली, तरी घोळ चालूच आहे. जाळ्यात अडकून नळीचं टोक तुटतं, तेही तपासा. पूर्ण पंख नसलेलं, आखूड नळीचं पिल्लू असेल तर प्रजातीच्या फंदात पडूच नका. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने ‘रॅनाट्रा लिनिअॅरिस’ सुचवलं म्हणून डोळे मिटून होकारही देऊ नका. युरोपातली ही ओळखीची जात आहे, तिचे फोटो भरपूर, म्हणून ती आधी पुढे येते.

एक चूक मीही बरीच वर्षं केली. पायांवर, नळीवर लाल मण्यांसारखे ठिपके दिसले की ‘अंडी असलेली मादी’ असं लिहायचो. पाठीवर अंडी वाहणारा पाणढेकूण पाहिला असला की असं वाटणं साहजिक आहे, पण त्याच्यात ती नराच्या पाठीवर असतात. रॅनाट्रा अंडी पाणवनस्पतीच्या देठात खुपसतो, बाहेर दिसतात ते फक्त दोन बारीक धागे. लाल मणी म्हणजे रक्त पिणाऱ्या पाणगोचिडांची पिल्लं. त्यांची संख्या जरूर टिपा, पण गोचीड म्हणून.

नमुना ठेवायचाच असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. बाकी वहीत एवढं पुरे: ‘रॅनाट्रा, प्रजाती अनिश्चित. शरीर ३१ मिमी, नळी २७ मिमी, टोक शाबूत. गावतळं, काठचं पाणगवत, पाणी वीतभर खोल. लाल गोचीड ४. फोटो ५, पैकी पोटाकडून २. जागेवरच सोडला.’